डच्चू देणाऱ्याने समोर बसायचं

डच्चू हा शब्द आमच्या शिवणघरात माझ्या सासूबाईंनी आणला. कुठून आणला ते त्यांनाच ठाऊक. बाहेर लोक तो खेळाडूला संघातून काढलं की वापरतात, नाहीतर एखाद्या मुलीने मुलाला नाही म्हटलं की. "दिला की हो तिने डच्चू!" असं सांगताना लोकांना कोण आनंद होतो! नकार म्हटलं की कसं सरकारी वाटतं. नको म्हटलं की समोरचा आग्रहच करत बसतो. डच्चू दिला की विषय संपला.

आमच्याकडे मात्र विषय तिथे सुरू होतो. आम्ही कोट शिवतो. एकच मोठी खोली, रस्त्याच्या बाजूला दोन उंच खिडक्या, मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीला लागून मशीन आणि मागच्या कोपऱ्यात इस्त्री. तयार झालेला कोट खिडकीशी लाकडी धडावर चढवायचा आणि मोठ्या बाईने तो बघायचा. मोठी बाई म्हणजे आधी सासूबाई, त्यांच्यानंतर मी. कोट पसंत पडला तर बाई काही बोलत नाही, नुसती बाजूला सरकते. नाही पडला तर चुकीच्या जागेवर बोट ठेवते आणि म्हणते, "डच्चू." मग ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने ते उसवायचं. आणि जिने डच्चू दिला तिने ते उसवून होईपर्यंत समोर स्टूल घेऊन बसायचं. चहा गार होऊ दे, दारात गिऱ्हाईक ताटकळू दे, उठायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, लांबून डच्चू द्यायला कुणाचं काय जातं? समोर बसून एकेक टाका निघताना बघायला लागला की माणूस विचार करून तोंड उघडतं.

आणि डच्चू द्यायचा तो कामाला. माणसाला नाही. "अगं, कोटाला दिलाय, तुला नाही दिला," हे मी इतक्या जणींना सांगितलंय की झोपेतही म्हणेन. बाह्या बसवणारी आमची जुनी बाहीवाली पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा तरी मुसमुसायची. तिला मी हेच सांगायचे आणि मनात म्हणायचे, एवढं काय रडायचं त्यात, कमालच आहे!

मी रागीट आहे. लपवण्यात अर्थ नाही, समोरच्या पाववाल्याला विचारा. माझा आवाज चढला की तो म्हणे आपल्या गिऱ्हाइकांना सांगतो, "बाही उलटी लागली वाटतं आज." पण समोर बसायचा नेम मी कधी मोडला नाही.

आता सुनेचं सांगते. माझी सून आधी एका हॉटेलात होती, दारातल्या काउंटरवर. तिथे तिला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवलेली. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. खोली शिल्लक नसली तर म्हणायचं, "बघूया हं आपल्याला काय करता येतंय." गरम पाणी नसलं तर, "थोड्याच वेळात नक्की." हॉटेल बंद पडलं, ही आपण होऊन शिवणघरात आली आणि बघता बघता काम शिकली. बोटं चपळ. नजर तर अशी की उभी शिवण केसभर सरकली तरी दारातूनच कळतं तिला. मी खूश होते. पण जिभेवर ते काउंटर बसलेलं, ते काही उतरेना. माझ्या मुलाने एकदा हौसेने स्वयंपाक केला. भाजी अशी खारट की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बायकोला विचारलं, कशी झालीय? तर म्हणाली, "वेगळी झालीय." त्याने आनंदाने तिला आणखी वाढली आणि तिने ती खाल्ली. काय म्हणावं!

मला घाई झाली होती, आणि का झाली होती ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पिकलेत, आता काढायचे. एक झाला की दुसरा. त्यानंतर बरेच दिवस सुई नाही, वाकून काम नाही, इस्त्रीच्या वाफेजवळ जायचं नाही. मी विचारलं, मग कोट कोण बघणार? त्या म्हणाल्या, तुमच्या घरात दुसरं कुणी नाही का? घरात होतं की! नजर असलेलं होतं. तोंड नसलेलं होतं. दिलेली तारीख मी एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा ढकलली. घरी चहा ओतताना एकदा कपाच्या बाहेर गेला, तर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आज बशीला पाजतेस वाटतं." मी म्हटलं, गप बसा.

शिवणघरात डच्चू देणारं कुणी नसलं की काय होतं ते मी पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानाचं बघितलंय. आधी एक खिसा चालतो, मग एक बाही चालते, मग सगळंच चालतं. ही एक काळजी. दुसरी खरी सांगते. मला भीती वाटत होती. एकदा मी त्या खिडकीपासून उठले की मला परत तिथे कोण बोलावणार? म्हाताऱ्या माणसाला सगळे प्रेमाने म्हणतात, तुम्ही आता आराम करा. त्या प्रेमाची मला धास्ती वाटते.

त्यातच बँडमास्तरांचं काम आलं. त्यांच्या अख्ख्या बँडला गडद निळे कोट हवे होते. कार्यक्रमाला चांगला अवकाश होता, पण या माणसाला सगळं कालच हवं असतं. मी ठरवलं, हीच संधी. सुनेला म्हटलं, "हे कोट तू बघायचे. मी बाजूला बसेन."

पहिला कोट बँडमास्तरांचा स्वतःचा. बाहीवालीने बाह्या बसवल्या, कोट धडावर चढला. सून भोवती फिरली, काखेपाशी थांबली, आणि म्हणाली, "छानच झालाय हो. फक्त मुंढ्याकडे एकदा बघूया का, सावकाशीने?"

बाहीवालीने त्यातलं 'छान' तेवढं ऐकलं आणि कोट इस्त्रीला दिला. मी पुढे होऊन बघायला हवं होतं, पण म्हटलं हिला सोपवलंय तर सोपवलंय. संध्याकाळी बँडमास्तर आले, कोट घातला, आरशात स्वतःवर खूश झाले, आणि वाजवायला सुरुवात करतात तसे दोन्ही हात वर केले. हातांबरोबर कोट वर. कॉलर कानांच्या वर गेली, खाली पोट उघडं पडलं. मुंढा, म्हणजे बाही बसते ते भोक, खोल गेला की असंच होतं. कोटाच्या आतून आवाज आला, "मी असा उभा राहणार लोकांपुढे?" इस्त्रीवाले काका तोंडावर फडकं धरून मागच्या दाराने बाहेर पळाले.

बँडमास्तर गेल्यावर मी सुनेला फैलावर घेतलं. "तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. सावकाशीने बघूया म्हटलं."

"अगं, ते बोलणं झालं का? त्यापेक्षा त्यांना खोलीची किल्ली देऊन टाकायची होतीस!"

तिचा चेहरा एवढासा झाला. मग मलाच वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी तिचा सराव घेतला. चहा पांचट झाला, म्हण डच्चू. खडू तुटला, म्हण डच्चू. ती म्हणायची, पण कसं? "डच्चू... चालेल ना?" काकांनी तिला समोर उभं केलं आणि सांगितलं, "हे बघ पोरी, पोटातून म्हणायचं. शिंक आल्यासारखं. शिंकताना कुणी परवानगी मागतं का?" ती हसत सुटली. हसता हसता एकदा नीट म्हणालीसुद्धा, पण ते मोडक्या टाचणीला. माणसाच्या डोळ्यांत बघून काही जमेना. मी हात टेकले. तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलायला फोन केला, तर डॉक्टरीणबाईंची माणसं म्हणाली, आता पुढच्या आठवड्यात नाही आलात तर केव्हा मिळेल सांगता येत नाही. मी म्हटलं, कळवते.

कोटाची काजं मी करते. मशीनची नाही, हाताची. आमच्या कोटाची तीच ओळख, आणि ती सुई मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलेली नाही. काज म्हणजे आधी कापडाला चीर द्यायची आणि मग तिच्या कडा दोऱ्याने अशा बांधायच्या की कापड कधी सुटू नये. माझी बोटं ते डोळ्यांवाचून करतात, असं मी मिरवायचे. तेव्हा तर खरंच डोळ्यांवाचून करत होते. बँडमास्तरांच्या कोटाचे पुढचे भाग नव्याने कापून झाले, बाह्या पुन्हा बसल्या, आणि एका सकाळी मी त्याची काजं पुरी करून तो धडावर चढवला. फक्कड झाली होती काजं. मी चष्मा पुसत बाजूला झाले.

सून आली. एकदा बघितलं. वाकून बघितलं. मग खाली बघत उभी राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काजं सुंदर झालीत, आई. अगदी एकसारखी. फक्त..."

"फक्त काय? हे असलं फक्त-बिक्त मला नको. असेल ते सरळ बोल!"

माझा आवाज चढलेला. समोर पाववाल्याने नक्कीच मान वर केली असणार. सुनेने माझ्याकडे बघितलं. नीट डोळ्यांत बघितलं. वरच्या काजावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "डच्चू."

मशीन थांबली. काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. बाहीवालीच्या हातातली कात्री तशीच उघडी.

सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या काजांना? सासूबाईंनी शेवटच्या काळात स्वतःच्या कोटाची काजं माझ्याकडून करून घेतली होती! मी म्हटलं, "कारण?"

"दोरा काळा आहे. कोट निळा आहे."

"निळाच आहे तो! निळी रिळं उजव्या खणात असतात, काळी डाव्या. मी उजव्यातूनच घेतलाय."

त्या खणांना माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे सगळ्यांना माहीत. सुनेने जाऊन दोन्ही खणांतलं एकेक रीळ आणलं आणि खिडकीत माझ्यापुढे धरलं. मी बघत राहिले. एक रीळ होतं, आणि दुसरं रीळ होतं. दोन्ही सारखीच काळोखी. कुठलं निळं ते मला सांगता येईना. रिळं आवरून ठेवताना मीच खण बदलले असणार.

मी म्हणाले, "आज उजेड बरोबर नाही."

"चांगलं ऊन आहे, आई."

"अगं, बँडवाल्यांना कुठे जवळून बघतं कोणी? लांबून काही दिसत नाही. चालेल."

हे माझ्या तोंडून गेलं! चालेल! हा शब्द बोलणाऱ्या किती जणींना मी खोलीभर ओरडलेय. बाहीवालीने मान खाली घातली, माझी लाज तिला वाटली असावी.

"नाही चालणार," सून म्हणाली. तिचं बोट काजावरून हललं नाही. मग तिने कोट धडावरून उतरवला, माझ्या मांडीवर ठेवला, स्टूल ओढलं आणि समोर बसली.

मी उसवायला घेतलं. कापलेलं काज उसवणं म्हणजे जिवाशी खेळ. दोरा ओढून चालत नाही, कडा सुटल्या तर कोट गेला. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचा राग येत होता. मनात घोकत होते, डच्चू काजांना दिलाय, तुला नाही दिला. मेलं खोटं वाटत होतं ते वाक्य. आपल्याला मिळाला की तो आपल्यालाच मिळालेला असतो. इतकी वर्षं त्या पोरी काय उगाच रडत होत्या का? बाहीवालीला उठून जवळ घ्यावं असं वाटलं, पण मांडीवर कोट होता.

सून नुसती बसून होती. माझ्या बोटांकडे बघत होती. मी बोटाने चाचपून टाका शोधत होते, मग त्याखाली सुईचं टोक घालत होते, आणि ते तिला कळलं. इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "कधीपासून दिसत नाहीये?"

खोटं बोलायला मी तोंड उघडलं होतं. पण ती समोर होती, चार बोटांवर. मी म्हटलं, "झाले काही महिने." मग सगळंच सांगितलं. मोतीबिंदू, ढकललेल्या तारखा, पुढचा आठवडा. आणि म्हटलं, "एवढे बँडचे कोट जाऊ देत, मग बघू."

"बघू नाही," ती म्हणाली. "त्या बघूला डच्चू."

"तू मला शिकवतेस?"

"हो. तुम्हीच म्हणालात, पोटातून म्हण."

"ते काका म्हणाले."

"मग काकांचं ऐका."

तिने तिथेच, स्टुलावरून न उठता, फोन लावला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख पक्की केली. पलीकडचं माणूस काहीतरी अडचण सांगत असावं. ही म्हणाली, "नाही, त्याच दिवशी." फोन ठेवला आणि स्वतःच दचकली. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघी अशा हसलो की काकांनी विचारलं, "इकडे काय चाललंय, उसवताय की पिकनिकला आलाय?" सगळी काजं निघेपर्यंत ती उठली नाही. तिचा चहा गार झाला, त्यावर साय आली.

ठरल्या दिवशी पहिला डोळा झाला. मी घरी पट्टी बांधून पडले. आमचे हे पेपर मोठ्याने वाचून दाखवायला लागले. त्यांना वाटलं मला बरं वाटेल. मला काळजी होती ती एकच. मशीनवर काज मारणारा एक दुकानदार बाजारात आहे, बटण दाबलं की झालं. मी शिवणघरात नाही म्हटल्यावर बँडमास्तर त्याचंच नाव काढणार, आणि त्यात वावगं काही नाही. सुनेने हो म्हटलं तर मी तिला दोष देणार नव्हते. कोट वेळेवर गेले असते. फक्त मग पुढे हाताच्या काजांचं काय, आणि माझं काय, हे मी छताकडे बघत स्वतःला विचारत होते. सून रोज रात्री येऊन डोळ्यात थेंब घालायची, पण कोटांचं अवाक्षर काढायची नाही. मीही विचारलं नाही. उत्तराची भीती होती.

मग एका दुपारी काका घरी आले. दारातूनच सुरू झाले, "बाई, ऐकलंत का? तुमच्या सुनेने बँडमास्तरांना हात हलवत परत पाठवलं!"

मी उठून बसले. "का? काय झालं?"

"सगळे कोट तयार आहेत. बाह्या, अस्तर, कॉलर, सगळं. बँडमास्तर आले आणि म्हणाले, काजं मशीनवर मारून आणा, उद्या घेऊन जातो. ही म्हणाली, नाही. ते म्हणाले, अहो, जवळून बघतं कोण? ही म्हणाली, नाही. ते म्हणाले, मी दुसरीकडे जाईन. मी इकडे इस्त्री घट्ट धरून उभा. तर ही काय म्हणाली असेल?"

"सांगा ना आता!"

"म्हणाली, मशीनच्या काजांना आमच्याकडे डच्चू आहे. काजं आमच्या आई करतात. त्यांचे दोन्ही डोळे बरे होईपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. आणि बाई, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली की! त्यांची कुरकुर संपेपर्यंत बसली. शेवटी ते म्हणाले, बरं, थांबतो, कार्यक्रमाला वेळ आहे तसा."

आमचे हे म्हणाले, "चला, तू अजून कामावर आहेस म्हणायची."

डोळ्यात पाणी आणायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं. ऐकतंय कोण!